सैल करदोटा

“आता तुम्हीच सांगा बुवा, पोटात अन्नाचा कण नाही, तरी हे बळ आलं कुठून?”

भैरूनं पाण्याची घागर दाणकन ओट्यावर टेकवली. एकादशीपासून, पुरता पंधरवडा, गडी नुसत्या पाण्यावर होता, आणि डोंगरावरच्या त्या मठात हे ठाऊक नसलेला माणूस शोधून सापडला नसता. सांगायची हौसच तेवढी!

रामगीरबुवा हसले. “तूच सांग.”

“नामाचं बळ. दुसरं काय?”

“बरं... आणि खाली पायरीवर तुझी आई बसलीय, तिला काय सांगू?”

भैरूचा चेहरा उतरला. घरात न सांगता निघून आलेलं पोर ते. माउली पत्ता काढत काढत सकाळीच डोंगर चढून आली होती.

“सांगा, संबंध संपला. तिच्या घरचं मी आता काही खात नाही.” आवाज कापला, तो त्यानं खोकून झाकला.

बुवांनी भैरूच्या कमरेच्या करदोट्यात बोट घातलं. बोट कसलं, अख्खी मूठ आत गेली.

“आलास तेव्हा हा कातडीत रुतत होता रे. पोट कुठं गेलं?”

“उपासानं झडलं.”

“झडून पडलं कुठं? अंगण मीच झाडतो, मला नाही सापडलं.”

भैरूला हसू फुटलं. “पडत नसतं बुवा. चरबी असते ती. खाणं बंद झालं की शरीर तीच जाळतं, त्यावरच चालतं.”

“अस्सं? मग घागर तिनंच चढवली म्हणायची.”

भैरूनं ओट्यावरच्या घागरीकडं पाहिलं.

“आणि ती साठली कशानं?”

गवळ्याचं घर भैरूचं. आई ताटावर ओणवी होऊन भाकरीवर तूप सोडायची. हा ‘पुरे, पुरे’ म्हणाला की हमखास आणखी एक पळी पडायची. ‘वाळलायस मेल्या’ म्हणायची, हा चांगला गलेलठ्ठ असताना! भैरूनं सैल करदोटा चाचपला.

“बुवा... उपास माझा... अन् जळतंय तिचं तूप...”

“पळ की ठोंब्या!” बुवांनी त्याच्या पाठीत मायेनं धपका घातला. “वाढणारी पायरीवर ताटकळलीय, आणि जेवणारा गावभर सांगत सुटलाय, मी उपाशी!”