पडद्यामागची दोरी

पूर्वी वेत्रपुरात दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य म्हणून जन्मला होता.

त्या राजकुळात एक रीत होती. युवराज पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला कोणी उराशी धरायचे नाही. माया लागली तर राजा हळवा निपजतो, असे पुरोहित सांगत. मूल रडले की भिंतीपलीकडची दासी दोरी ओढी आणि पाळणा हले. दूध पाजायला दाई येई, तीही तोंड झाकून. आईला मज्जाव. ही क्रूरता पिढ्यान्‌पिढ्या चालली होती आणि लोक तिला संस्कार म्हणत.

दृढसेन असाच वाढला होता. सिंहासनावर त्याच्या बोटाला रेशमी दोरी बांधलेली असे आणि पडद्यामागून एक म्हातारी दासी ती सावकाश ओढत राही. ओढ थांबली की राजाला घाम फुटे. दरबाऱ्यांना ते राजचिन्ह वाटले. तेही बोटांना दोऱ्या बांधून मिरवू लागले.

राजाला मुलगा झाला. तिसऱ्या महिन्यात तो रडेनासा झाला, मग दूधही घेईना.

"बाळराजे शहाणे," पुरोहित म्हणाला. "लवकर शिकले."

"कोणी येत नाही, एवढंच शिकले," अमात्य म्हणाला. "महाराज, त्यांना उचलून घ्या. नाहीतर ते जगायचे नाहीत."

"आम्ही नाही वाढलो? आमचं काय बिघडलं?"

अमात्याने आपल्या पदाची मुद्रिका काढून सिंहासनाच्या पायरीवर ठेवली. "आता माझं पद गेलं, तेव्हा विचारतो. ही दोरी कशाला लागते?"

राजाने बोटाकडे पाहिले. "ओढली की कोणीतरी आहे असं वाटतं."

"कोण?"

राजाने उठून पडदा सारला. म्हातारीने सवयीने तोंड झाकले.

"मी चंपिका, महाराज. आपल्या पाळण्याची दोरीही माझ्याच हातात होती. आत यावंसं फार वाटायचं. हुकूम नव्हता."

"आता आहे," राजा म्हणाला आणि त्याने मान खाली केली. चंपिकेने त्याच्या मस्तकावर हात ठेवला. चाळिशीचा राजा भर सभेत रडला. या वेळी कोणी दोरी ओढली नाही.

मग तो पाळण्याकडे गेला. उचललेले बाळ लाकडासारखे ताठ राहिले. राजाचे हातही तसेच ताठ.

"डोकं कोपरात घ्या," चंपिका म्हणाली. "घाई नको."

पुष्कळ वेळाने बाळ रडले. राणीला बोलावणे गेले आणि संध्याकाळपर्यंत ते दूध प्याले. ती रीत त्या दिवशी मोडली.

ही कथा सांगून तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा दृढसेन म्हणजे नवख्या श्रामणेरांवर, शिकाऊ भिक्षूंवर, खेकसणारा हा तुमचा वृद्ध स्थविर. चंपिका म्हणजे त्याची शुश्रूषा करणारी ही उपासिका. अमात्य मीच होतो." स्थविराने मान खाली घातली. जे आपल्याला मिळाले नाही ते आधी स्वतः स्वीकारून मग दुसऱ्याला देणे, ही करुणा.