सांगडवाडीची घरे एकाच सुंभावर

करंजळीच्या खाडीत होडी डावीकडे वळली की सांगडवाडी दिसते. अकरा घरे, आणि अकराही पाण्यावर. दोन जुन्या होड्या शेजारी शेजारी जोडलेल्या, त्यांवर बांबूचा तळ, नारळाच्या झापांच्या भिंती, वर शाकार. प्रत्येक घर आपापल्या एकाच सुंभाला, म्हणजे काथ्याच्या जाड दोराला, बांधलेले आहे. म्हणून भरतीला साऱ्या वाडीची दारे समुद्राकडे होतात, आणि ओहोटी लागली की सावकाश वळून डोंगराकडे.

पाहुण्यांतला कोणीतरी विचारतोच, "काकू, एकच दोर? आणि तुटला म्हणजे?"

होडी वल्हवणाऱ्या शेवंतीकाकू वल्हे आडवे धरतात. "चार दोर बांधले होते एकदा. त्याचं काय झालं ते ऐका आधी."

फार पूर्वी, असे सांगतात, ही वाडी खाडीतल्या एका मळईवर, गाळाच्या सपाट बेटावर होती. दर उधाणाला खारे पाणी चुलीपर्यंत येई आणि उतरताना बेटाचा लचका तोडून नेई. समोरचा डोंगर खोताचा. तो तिथे घर बांधू देईना की झाडाला कोयता लावू देईना. वाडीचा कर्ता माणूस हरबा तांडेल. चाळीस वर्षे त्याने सुकाणू धरले होते. त्याचा शब्द कोणी मोडत नसे, आणि त्याने मारलेली गाठ त्याच्याशिवाय कोणी सोडत नसे.

द्वारकी ही त्याची धाकटी सून. होड्या बांधणाऱ्या सुताराची मुलगी. सासरी आली तेव्हापासून ती दर अमावास्येला काठावर एक खुंटी ठोकायची आणि पुढच्या अमावास्येला ती खुंटी पाण्यात गेलेली पाहायची. एके दिवशी जाणती माणसे बसली असता ती मध्येच बोलली.

"बेट जाणार, मामंजी. तीन पावसाळे टिकलं तरी पुष्कळ."

"माझ्या आज्यानं हेच बेट पाहिलं, सूनबाई."

"त्यांनी पाहिलं त्याच्या निम्मंच उरलंय."

सुनेने असे बोलायची रीत नव्हती. हरबाने पान तोंडात टाकले आणि जाळ्यांचा विषय काढला. द्वारकीच्या अंगाची लाही लाही झाली. तिने सुतारकीची हत्यारे काढली.

वाडीने टाकून दिलेल्या दोन होड्या तिने चिखलातून ओढून काढल्या. फटींत कापूस ठोकला, वर राळ आणि माशाचे तेल चोपडले. नवीन झाड एकही तोडले नाही. चुलीसाठी मातीचा जाड थर घातला. वर्ष गेले म्हणे. मग एका भरतीला ते घर चिखलातून सुटले आणि पाण्यावर उभे राहिले.

वाडी बघायला आली. एक म्हातारी जेवायला बसली आणि ओरडली, "अगो द्वारके, पान धर माझं! भात निघाला फिरायला!" सगळे हसले. द्वारकीही हसली. हरबा हसला नाही. त्याने भिंतीला हात लावला, पायाखालचे हलणे पाहिले.

"हलतं ते घर नव्हे. यात देव कसे बसवायचे? घर म्हणजे काय पाळणा गो?"

त्याने खैराचे चार जुने मेढ, म्हणजे जाड खांब, चार कोपऱ्यांना चिखलात ठोकवले आणि मेढांच्या बुंध्याशी स्वतः चार गाठी मारल्या. रोजच्या भरतीला घर वर येईल एवढाच सुंभ सोडला, बोटभरही अधिक नाही.

"उधाणाचं काय, मामंजी? दोन हात तरी सैल ठेवा. होडी अशी आखडून बांधता का कधी?"

"होडी ती होडी, घर ते घर. उधाण चार दिवसांचं. चार दिवसांसाठी घर मोकाट सोडू?"

आयुष्यभर समुद्रावर राहिलेल्या माणसाने असे बोलावे, याचा द्वारकीला संताप आला. पण गाठ तांडेलाची होती.

त्या वर्षी दिव्यांच्या अवसेला भर दुपारी उधाण आले. वर पाऊस, मागून वारा. बेटावरच्या मातीच्या भिंती विरघळून खाली बसल्या. होड्या पावसाळ्यासाठी वर ओढून शाकारल्या होत्या, त्या वाऱ्याने उलथल्या. पोरे, म्हाताऱ्या, गडी, सगळे द्वारकीच्या घरात चढले. घर वर यायला पाहत होते, आणि चार सुंभ त्याला खाली धरून होते. पाणी घराखालच्या होड्यांच्या काठाला आले. द्वारकीने कोयता उचलला.

हरबाने तिचा हात धरला. "चारही कापलेस तर घर समुद्रात जाईल."

"नाही कापले तर इथेच बुडेल."

त्याने एकदा घरातल्या माणसांकडे पाहिले आणि हात सोडला. "तीन काप. चौथा मी लांबवतो." घरात ठेवलेला होडीच्या नांगराचा लांब सुंभ घराला बांधून त्याचे वेटोळे त्याने खांद्यावर टाकले आणि चौथ्या मेढाला धरून पाण्यात उतरला. गाठी खाली, बुंध्याशी होत्या. गळ्यापर्यंत पाणी आले तेव्हा त्याने मान वर केली. तांडेलाने आजवर कोणाला विचारले नव्हते, ते त्याने सुनेला विचारले.

"किती सोडू, सूनबाई?"

"सगळा सोडा, मामंजी."

जुनी गाठ सोडून लांब सुंभ बुंध्याला बांधायला तो खाली गेला. द्वारकीने तीन सुंभ तोडले. क्षणभराने चौथा सैल पडला, घर उसळून वर आले, प्रवाहाबरोबर गर्रकन वळले आणि लांब सुंभाच्या टोकाला थांबले. दार समुद्राकडे झाले होते. आतली माणसे भिजून गारठली, पण दगावले कोणी नाही. द्वारकी मेढाकडे बघत राहिली. वर कोणी आले नाही.

ओहोटीला हरबा बुंध्याशी सापडला. नवी गाठ पुरती बसली नव्हती. तिचे शेपूट त्याने मनगटाला दोन वेढे देऊन धरले होते.

बेटाचा मागमूस उरला नव्हता. सुतक फिटल्यावर जाणती माणसे द्वारकीकडे आली, मान खाली घालून. "आम्हालाही घरं बांधून दे."

"देईन," ती म्हणाली. "पण सुंभ किती सोडायचा ते घरात राहणारी बाई सांगेल. आणि सोडेल वाडीतला सगळ्यात थोरला माणूस."

आजही सांगडवाडीत नवे घर पाण्यावर सोडतात तेव्हा सर्वांत म्हातारा माणूस सुंभ घेऊन खाडीत उतरतो आणि त्या घरच्या सुनेला किंवा लेकीला विचारतो, "किती सोडू?" ती घाई करत नाही. पाणी बघते, वारा बघते, उधाणाचा हिशेब मनात करते. तिचे उत्तर येईपर्यंत तो छातीभर पाण्यात उभा असतो, आणि काठावरचा कोणीही तिला लवकर सांग म्हणत नाही.