अंगरखा आणि लाल लुगडं

म्हाताऱ्या येसू मोलकरणीनं जहागीरदार भुजंगरावांचा पांढरा अंगरखा लाल लुगड्यासोबत भिजवला, आणि तो गुलाबी झाला. ते कडाडले, “आता दुसरा अंगरखा आणि हेच लुगडं एकाच पाण्यात धू. डाग पडला, तर चालती हो!”

येसू रडू लागली. “मामंजी, मी धुते,” म्हणत नवी सून मंजुळा पुढं झाली. तिनं आधी अंगरखा धुऊन वाळत घातला, मग त्याच पाण्यात लुगडं बुडवलं.

“ही लबाडी झाली!” भुजंगराव गरजले.

“मामंजी, पाणी एकच म्हणालात, वेळ एकच कुठं म्हणालात? आणि येसूबाई आता शिकल्या. नवी बाई ठेवलीत, तर ती तुमचा आणखी एक अंगरखा रंगवून शिकेल.”

भुजंगराव खदखदून हसले. तोच शुभ्र अंगरखा घालून ते चावडीवर गेले आणि मिशीला पीळ देत म्हणाले, “आज आमच्या सूनबाईंनी आम्हाला हरवलं!”