सटवाच्या लेण्यातलं पहिलं वाक्य

तुम्ही लेण्यात शिरलात तेव्हा मी पार मागच्या भिंतीशी उभा राहून एक वाक्य बोललो. तुम्हाला नुसता घुमारा ऐकू आला असेल. असू द्या, सगळ्यांचं तसंच होतं. आता इथे जवळ बसा.

हा मंडप सटवा पाथरवटाने कोरला, असं सांगतात. नऊ वर्षं लागली. पुरा झाल्यावर गावाने आत कीर्तन ठेवलं आणि कुणालाच शब्द कळेना. लोक हसले. "सटवा, मंडप कोरलास का रांजण?" सटवा म्हणे एवढंच बोलला, "खडक बरोबर आहे. कान नवे आहेत. बसा, ऐकत राहा, शब्द सुटे होतील." कोण बसतंय! फक्त त्याची बायको ठकू बसली. तिला कीर्तन कळलं.

गावचा पाटील हैबतराव. त्याला दारावर आपलं नाव कोरून हवं होतं. सटवा म्हणाला, खपलं सगळं गाव, एकट्याचं नाव कसं घालू? चार दिवसांनी सटवा कड्याखाली सापडला. पाय घसरला, असं पाटलाने सांगितलं. कड्यावर वाढलेल्या माणसाचा पाय! ठकू रडली नाही. तिने त्याच्या कमरेचा हातोडा काढून पदराखाली घेतला.

पुढे पाटील आपल्या मेव्हण्याला, गणोजीला घेऊन खलबतं करायला इथेच येऊ लागला. मागच्या भिंतीजवळचा तो दगडी ओटा त्याचा. इथलं बोलणं दुसऱ्याला कळत नाही, अशी त्याची खात्री. तो स्वतः कधी घटकाभर ऐकत बसला नव्हता ना.

ठकूने वर्षभर वाट पाहिली. चैत्री पुनवेला तिने गावच्या चाळीस बायका आत जमवल्या. सकाळपासून एकेकीने त्या भिंतीशी जाऊन ओव्या म्हणायच्या, बाकीच्यांनी दाराशी बसून ऐकायच्या. आधी घुमारा. मग एखादा शब्द. उन्हं डोक्यावर आली तोवर ओवी न् ओवी स्वच्छ झाली. तेव्हा ठकू उठली, हातोडा पाटलाच्या ओट्यावर ठेवला आणि परत येऊन बसली.

पाटील आणि गणोजी आले.

"दाजी, बायका बसल्यात."

"बसू देत. इथे देवाला आपली आरती कळत नाही, यांना काय कळतंय!"

मग गणोजीने हातोडा पाहिला. "दाजी, हा सटवाचा! आपण त्याला ढकललं तेव्हा हा त्याच्या कमरेला होता."

"गप, मूर्खा. मी धक्का दिला, तू पाय ओढलेस. तिसरं कोण होतं तिथे?"

चाळीस जणी एकदम उभ्या राहिल्या. कुणी दगड उचलले. ठकूने त्यांना अडवलं म्हणे. "मारू नका. मेला की सुटला. दर चैत्री पुनवेला याने त्या भिंतीशी उभं राहून केलेलं सांगायचं. याच्यामागे याच्या पोराने, मग नातवाने. माझा वंश याने बुडवला. याचा वंश मी बोलता ठेवीन."

पहिल्या वर्षी पाटील पुटपुटला. ठकू मांडीवर हातोडा घेऊन समोर बसलेली. "कळलं नाही, पाटील. पुन्हा." सतरा वेळा बोलायला लावलं. असं तो मरेपर्यंत, बावीस वर्षं. मग त्याच्या पोराला. ठकू अंथरुणाला खिळली तेव्हा गावाने विचारलं, "ठकूआई, आता तरी सोडतेस का?" ती म्हणाली, "माझा धनी कड्याखालून वर आला का?"

आजही या लेण्यात पहिलं बोलायचं ते पाटलांच्या घरातल्यानेच. पुनवेलाही, आणि पाहुणे आले तरीही. माझे वडील बोलायचे. ते गेल्यापासून मी बोलतो. लहानपणी मला ठकूचा राग यायचा. आता नाही येत.

एव्हाना तुमचे कान सरावले असतील. मी तिकडे भिंतीशी जातो आणि मघाचंच वाक्य बोलतो.

"सटवा पाथरवटाला आम्ही मारलं."

कुणाला कळलं नसेल तर हात वर करा. पुन्हा बोलेन.