टोपल्याखालची भाकर

“पण मी तिचं नाव घेतलं होतं का, बुवा?”

सुमंतनं पुन्हा तेच विचारलं. दानियलबुवा ओसरीच्या कडेला बसून चहात भाकर बुडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

टाकळीची ख्रिस्तवस्ती म्हणजे चर्चच्या मागं दाटीवाटीनं बसलेली थोडीशी घरं. एका घरात फोडणी पडली की चार घरांत ठसका लागायचा. दानियलबुवा त्या वस्तीचे कीर्तनकार. झांज घेऊन उभं राहायचं आणि प्रभूच्या गोष्टी ओव्या-पदांतून सांगायच्या, असं करणारं माणूस पंचक्रोशीत आता तेवढंच उरलं होतं. सुमंत भिंगारदिवे त्यांचा शिष्य, राहायलाही त्यांच्याकडेच. सेमिनरीत धर्मशिक्षण घेतलेला, गळा गोड, बोलणं नेटकं. आणि हे सगळं त्याला स्वतःलाही ठाऊक होतं, तेवढीच काय ती अडचण.

बुवांची एक रीत होती. रोज दिवेलागणीला ते शिष्याला विचारायचे, “आज काय दिसलं?” दिवसभरात जे साधंसुधं नजरेला पडलं त्यात देवाचं काही सापडलं का, एवढंच त्यांना विचारायचं असे.

सुमंतचं उत्तर कधी रिकामं गेलं नाही. चाळणी दिसली की त्याला न्यायाचा दिवस आठवे. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधताना दिसला की पापाची कबुली. बुवांची मांजर दुधात तोंड घालताना सापडली, तर त्यातूनही पठ्ठ्यानं मोह आणि कृपा दोन्ही काढून दाखवले. बुवा ऐकून घ्यायचे, हं म्हणायचे आणि पेटी पुढं ओढायचे.

मग कापणीचा सण आला. बुवांनी पहिल्यांदाच त्याला आपल्या जागी उभं केलं. आख्यान उधळ्या पुत्राचं. धाकटा मुलगा घर सोडून गेला, पैसा उडवला, आणि बाप मात्र वाटेकडे डोळे लावून बसला. पोरानं पूर्वरंग झकास उठवला. उत्तररंगात त्यानं आवाज खाली आणला, झांज थांबवली आणि एका आईची गोष्ट सांगितली.

तिचा मुलगा बापाच्या बोलण्याचा राग धरून ताटावरून उठला आणि गेला तो गेलाच. बाप मागं वारला, तेही त्याला कळलं नसेल. पण आई अजून रोज एक भाकर जास्त करते. टोपल्याखाली झाकून ठेवते. कुणी विचारलंच तर म्हणते, सकाळी कुत्र्याला होईल.

बायांनी डोळ्यांना पदर लावले. पेटीवाला सूर धरायचं विसरला. देवगावहून आलेल्या मंडळींनी तिथल्या तिथं सुमंतला निमंत्रण दिलं.

आणि पुढच्या ओळीत बसलेली रिबकाबाई उठून चालती झाली.

त्या दिवसापासून तिचं दार लावलेलं होतं. वस्तीत सुमंतला पाळीपाळीनं जेवायला बोलवायचे. सणाच्या आधी तो तिच्याकडे जेवला होता, तेव्हाच ते टोपलं त्याच्या नजरेस पडलं होतं. आता वाटेत दिसली तर ती तोंड फिरवी. सुमंतला याचा राग आला होता. ज्या गोष्टीनं अख्खं चर्च रडवलं, ती हिचीच ना? मग हिनं मान ताठ करून बसायचं की उठून जायचं? देवगावलाही हाच दृष्टांत लावायचा त्याचा बेत होता. बुवा एकदा हो म्हणाले म्हणजे झालं.

बुवा हो म्हणत नव्हते.

“उधळ्या पुत्राचं नाव काय?” त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

“नाव दिलेलं नाही.”

“गाव?”

“तेही नाही.”

“हं...”

सुमंत काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो म्हणाला, “पण श्रीमंताच्या दारात पडलेल्या भिकारी लाजराचं नाव प्रभूनं दिलंय.”

बुवा हसले. शिष्यानं पेचात पकडलं की त्यांना मनापासून बरं वाटायचं. “दिलंय खरं. पण गोष्ट सांगितली ती तो मेल्यावर.”

“मी तरी कुठं नाव घेतलं?”

“नाही घेतलंस. बरं, वस्तीत ताटावरून उठून गेलेली पोरं किती?”

असं पोरगं एकच होतं, रिबकाबाईचा विल्सन.

तेवढ्यात तांबडी कुत्री ओसरीपाशी आली आणि शेपूट हलवत उभी राहिली. वस्तीचीच कुत्री, कुणा एकाची नव्हे. बुवांनी भाकरीचा एक चतकोर मुद्दाम बाजूला ठेवला होता, तो तिच्यापुढं टाकला. सुमंतला राहवलं नाही. धन्याच्या मेजाखालचा चुरा कुत्र्यांनाही मिळतो असं म्हणणारी शुभवर्तमानातली ती कनानी बाई, तिच्या विश्वासाची त्याला आठवण झाली, आणि तसं तो बोलूनही गेला.

बुवांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं.

“फार डोळस आहेस तू. मग मला सांग, ही आधी कुठं खायची?”

“आधी म्हणजे?”

“सण झाल्यापासून माझ्या दारात येतेय. त्याच्या आधी?”

सुमंत कुत्रीकडे बघत राहिला. ती चतकोर संपवून जमीन चाटत होती...

सकाळी कुत्र्याला होईल. रिबकाबाई ते उगाच म्हणत नव्हती. रात्री विल्सन यायचा नाही, आणि सकाळी ती भाकर या कुत्रीला मिळायची. कुत्री इथं आली, म्हणजे तिथं आता भाकर नव्हती. म्हणजे बाईनं ठेवायचीच सोडली होती.



“बुवा... तुम्हाला ठाऊक होतं? भाकरीचं?”

बुवांनी बशी पुसली.

“किती वर्षांपासून?”

बुवांनी बशी पालथी घातली.

सुमंतला आठवलं, उधळ्या पुत्राचं आख्यान बुवांनी उभ्या जन्मात किती वेळा लावलं असेल त्याची गणती नव्हती. त्यात त्यांनी दूरच्या गावचा शेतकरी आणला होता, नदीपलीकडचा धनगर आणला होता. शेजारच्या घरातली भाकर कधी आणली नव्हती. एवढा सोन्यासारखा दृष्टांत हाताशी असताना या माणसानं तोंडाला कुलूप लावलं होतं.

“आज तिच्याकडे जेवायला जा,” बुवा म्हणाले.

“ती दार उघडायची नाही.”

“मग पायरीवर उपाशी बस.”

“आणि जाऊन बोलू काय?”

“तोंड फक्त जेवायला ने.”

संध्याकाळी सुमंत गेला. इतक्या लोकांसमोर न डगमगता उभा राहणारा गडी, पण त्या दारापुढं थबकला. दोनदा हात वर करून त्यानं खाली घेतला. शेवटी हाक मारली, “मावशी...”

दार उघडलं. रिबकाबाईच्या हाताला पीठ होतं. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

“आता काय न्यायला आलास?”

“जेवायला आलो.”

दारात आलेल्या उपाशी माणसाला परत धाडणं तिच्या आईनं तिला शिकवलं नव्हतं. ती बाजूला झाली. तो आत जाऊन चुलीपासून जरा हटून बसला.

तिनं एक भाकर त्याला वाढली, वांग्याची भाजी वाढली. तो खाली मान घालून खाऊ लागला. मग चुलीकडे तोंड करूनच बाईनं बोलायला सुरुवात केली, आणि एकदा बांध फुटल्यावर थांबली नाही. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बाया आल्या होत्या. एक रडली, एकीनं पाठीवरून हात फिरवला, एकीनं तर टोपलं उचलूनच बघितलं. पोरंसोरं विचारायला लागली, विल्सनदादाची भाकर कुठंय म्हणून. पाण्याला गेलं की बोलणं थांबायचं.

“मी काय येडी हाय का?” ती म्हणाली. “तो येणार नाही हे मला बी कळतं. पण चुलीपुढं बसलं की हात एक भाकर जास्त थापतो. ते माझं आन देवाचं होतं. तू चव्हाट्यावर मांडलंस.”

सुमंतनं घास तसाच धरला.

“आता मी पीठ मोजून घेते,” बाई म्हणाली. तिचा आवाज फुटला. “माझ्यापुरतं. त्याचं बंद केलं. लोकांनी बघायला येण्यापरीस उपाशी राहू दे माझं लेकरू.”

सुमंतच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि जित्याची खोड बघा, त्याच वेळी त्याच्या तोंडाशी वचनंही आली. क्षमेचं आलं, धीराचं आलं, सत्तर वेळा सातपर्यंत माफ करायचं तर जिभेवर येऊन उभं राहिलं. बुवा म्हणाले होते, तोंड फक्त जेवायला ने. त्यानं घास तोंडात घातला आणि वचनं भाजीबरोबर गिळून टाकली.

“चुकलो, मावशी,” एवढंच तो म्हणाला.

त्याच्या ताटातली भाकर संपत आली होती आणि तिनं तर स्वतःपुरतंच पीठ घेतलेलं, तेही आता त्याच्या पोटात गेलं होतं. तिनं डबा ओढला. डब्यात हात घालून तिनं पीठ परातीत घेतलं, पुन्हा घेतलं, पाणी शिंपडलं आणि मळायला लागली. एक भाकर त्याला झाली. एक तिची झाली.

परातीत अजून एक गोळा उरला होता.

तिचा हात त्याच्यावर जाऊन थांबला. हे सुमंतनं बघितलं. आपण बघतोय हे तिलाही कळलंय, तेही त्यानं बघितलं. आता ती तो गोळा ताटलीखाली झाकेल, सकाळी शेळीपुढं टाकेल, आणि पुन्हा कधी डब्यात मोजल्याशिवाय हात घालणार नाही, हे त्याला स्पष्ट कळलं. काय करावं ते मात्र सुचेना. पाय धरावेत? उठून जावं?

त्यानं ताट उचललं आणि जागच्या जागी फिरून बसला. चुलीकडे पाठ, दाराकडे तोंड.

बाहेर अंगणात शेळी बांधलेली होती. पलीकडं कुणाच्या तरी घरात टीव्ही चालू होता. सुमंत शेळीकडे बघत भाकर चावत राहिला. मागं सगळं शांत होतं...

मग थाप पडली.

थोड्या वेळानं दुसरी. मग हात चालू झाला. मग तव्यावर पाणी फिरवल्याचा आवाज, भाकर भाजल्याचा खरपूस वास. सुमंतच्या मानेला रग लागली, पण त्यानं मान वळवली नाही. जमिनीवर काहीतरी हलकं टेकल्याचा आवाज आला.

“पाणी घे,” बाई मागून म्हणाली.

तो फिरला, तांब्या घेतला, पाणी प्याला. टोपल्याच्या कोपऱ्याकडे त्यानं बघितलं नाही. ताट धुऊन ठेवलं, येतो म्हणाला आणि निघाला. दारापर्यंत बाई आली. सुमंतनं चपला घातल्या तरी तिनं दार लावलं नव्हतं.

घरी आला तेव्हा दिवेलागण कधीच उलटून गेली होती आणि बुवा अंथरुणावर पडले होते. त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही.

सकाळी बुवा नेहमीसारखे ओसरीवर बसले. चहा आला. भाकर बुडवायच्या आधी त्यांनी एक चतकोर मोडून बाजूला ठेवला. सुमंत खांबाला टेकून बसला होता. देवगावचं त्यानं काढलं नाही.

तांबडी कुत्री बोळातून आली. बुवांनी चतकोर उचलला. कुत्रीनं ओसरीकडे बघितलंसुद्धा नाही. ती लगबगीनं तशीच पुढं गेली आणि रिबकाबाईच्या घराच्या अंगाला वळली.

बुवांचा हात तसाच राहिला. ती वळली तिथं ते बराच वेळ बघत होते.

“काल काय दिसलं?” त्यांनी विचारलं.

सुमंतनं तोंड उघडलं... आणि मिटलं.

“काही नाही, बुवा. माझी पाठ होती तिकडं.”

बुवांनी शिष्याकडे पाहिलं. मग कुत्रीसाठी धरलेली ती चतकोर भाकर त्यांनी त्याच्यापुढं केली.

“घे, खा. आज उरलीय.”