आठव्या घाटावरची बाई

“काल सकाळी अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी तू काय करत होतीस, वैजू?”

उस्तादांनी हे विचारलं तेव्हा मी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

“पोरीला भरवत होते,” मी म्हटलं. “नाचणीचं सत्त्व.”

“एका हातानं?”

“हो.”

“आणि दुसऱ्या हातात?”

मी हातातला मोबाइल पिशवीत टाकला.

उस्ताद दर्ग्यामागच्या खोलीत राहतात. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. छापखाना बंद पडल्यावर नातीच्या मोबाइलवर ‘नावाडी’ हा खेळ शिकले. मग खेळणाऱ्यांनी मिळून लिहायची एक साइट त्यांनी मराठीत सुरू केली. विकी म्हणतात तिला. कुठल्या घाटाला होडी कशी लावायची, भोवरा कुठं आहे, हे जो तो लिहितो. दुसऱ्याचं लिहिलेलं कुणीही सुधारावं, कुणीही पुसावं.

कसं लिहायचं त्याचे नियम उस्तादांनीच घातलेत. घाटाचं नाव ठळक. भोवऱ्यांचा तक्ता उजवीकडं. ‘मी’, ‘मला वाटतं’ असलं काही नको. शेवटाला काय होतं ते वरच सांगून टाकू नये.

मी सातवी शिकलेली. पण ते नियम मला तोंडपाठ. आणि पाठ असल्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी मी मागणं घेऊनच गेले होते.

“उस्ताद, मला राखणदार करा.”

राखणदार म्हणजे ज्याला पानाला कुलूप घालता येतं, वेडंवाकडं लिहिणाऱ्याला थांबवता येतं.

“कशासाठी?”

“लोक कसंही लिहितात. आणि तुमच्या नियमांच्या पानावरसुद्धा एक चूक राहिलीय. पहिला आकडा आहे, पण त्याच्यापुढं काहीच नाही. एकदम दोनपासून सुरू. ती ओळ मी काढून टाकते.”

“ती राहू दे.”

“पण पहिला नियम कुणी लिहायचा?”

“ज्याला बाकीचे ठाऊक नाहीत त्यानं.”

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हसले. ते हसले नाहीत.

पोरगी माझ्या कडेवरून त्यांच्या दाढीकडं झेपावत होती. तिला आवरत मी खाली बसले. उस्तादांनी मोबाइल माझ्यापुढं धरला.

“वाच. मोठ्यानं.”

विकीवर काहीच मरत नाही. कुणी, कधी, काय पुसलं, सगळं मागं राहतं, मिनिटासकट. सोमवार. अकरा सव्वीस. पुसणारी, वैजयंता. खाली मी पुसलेलं पान.

मी वाचायला लागले.

“आठव्या घाटावर मी सतरा वेळा बुडाले. माझं बाळ मांडीवर असतं म्हणून मी एकाच अंगठ्यानं खेळते. भोवऱ्यात वल्हं दाबून धरू नका. सोडा. सोडलं की भोवराच होडीला पलीकडं ढकलतो. मला वाटतं हे कुणाला माहीत नसेल, सगळे दोन हातांनी खेळतात ना.”

“काय चुकलंय?” उस्ताद म्हणाले.

“ठळक नाही. तक्ता नाही. ‘मी’ आहे, ‘मला वाटतं’ आहे...”

“आणि भोवरा?”

मी ती ओळ परत वाचली.

तीन आठवडे मी आठव्या घाटावर अडकले होते. रोज बुडत होते. आणि हे मी वाचलंच नव्हतं. नुसतं बघितलं होतं. एका हातात चमचा, दुसऱ्या हातानं बघितलं आणि पुसलं.

“खाली तुझा शेरा आहे. तोही वाच.”

“राहू द्या ना उस्ताद.”

“वाच.”

“आधी नियम वाचा,” मी वाचलं. “लिहिता येत नसेल तर निदान घाण तरी करू नका.”

हे वाक्य माझं नव्हतंच. लसीच्या रांगेत माझा फॉर्म बघून मागच्या एका बाईनं ते मला ऐकवलं होतं. सगळ्या रांगेनं ऐकलं होतं. घरी येऊन पोरीच्या अंगड्यात तोंड खुपसून मी रडले होते. तेच वाक्य मी जपून ठेवलं होतं की काय, कुणास ठाऊक.

शेऱ्याखाली तिचं उत्तर होतं. अकरा एक्केचाळीस.

“चुकलं ताई. माझी शाळा लवकर सुटली. खातं बंद करते.”

पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं ती बाई ते वाक्य बघत बसली असेल. मांडीवर बाळ घेऊन.

कान तापले माझे. पोरगी माझ्या गालावर हात मारत होती, मला तिच्याकडंही बघवेना.

उस्तादांनी मोबाइल काढून घेतला. दुसरं पान उघडलं. पहिला घाट.

हे पान माझं. नवीन माणसांना नमुना म्हणून दाखवतात ते. माझ्या जावेलासुद्धा मी ते दाखवलं होतं. ती म्हणाली होती, “पोरीला घास देता देता हेच का करतेस? छान.” तरी मला त्याचा अभिमानच होता.

उस्ताद त्याच्या जुन्या नोंदींत मागं मागं जात राहिले. अगदी तळाला. मी पोटुशी होते, डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं होतं, तेव्हाचं.

“मी पैला घाट पार केला मला लय आनंद झाला आईशप्पत होडी डावीकडं लावायची बाकी काय नाय.”

ना ठळक, ना तक्ता.

त्याच्यावर एक नोंद उस्तादांची. त्याच्यावर आणखी एक. मी मोजल्या. त्रेचाळीस. एकेका दिवशी एकेक शब्द, एकेक स्वल्पविराम. दर नोंदीपुढं शेऱ्याच्या जागी एकच शब्द... ‘किरकोळ.’

“मला वाटत होतं हे पान मी लिहिलंय,” मी म्हटलं.

“तूच लिहिलंस.”

“आणि या त्रेचाळीस?”

“वाचता येत नाही का? किरकोळ.” मग दाढीतल्या दाढीत म्हणाले, “एक ते ‘आईशप्पत’ काढायला मात्र जिवावर आलं. पंधरा दिवस ठेवलं होतं.”

मला हसू आलं, आणि त्याच्यामागोमाग रडू.

“मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

उस्तादांनी माझ्या पिशवीकडं बोट दाखवलं.

“खेळ काढ. आठवा घाट.”

“आत्ता? पोरगी मांडीवर...”

“तशीच.”

पोरीनं माझ्या डाव्या हाताचं बोट तोंडात धरलं होतं, दात येताहेत तिला. एक अंगठा मोकळा होता. होडी निघाली. भोवरा आला. सवयीनं मी वल्हं घट्ट दाबलं.

“सोड,” उस्ताद म्हणाले.

“बुडेल.”

“रोज बुडतेसच की.”

मी सोडलं.

होडी गर्रकन फिरली. एकदा, दोनदा... आणि भोवऱ्यानंच तिला उचलून पलीकडच्या पायरीला लावलं.

बाहेर कुणीतरी उदबत्ती लावली असावी, वास आला.

“मी तिचं पान परत आणते,” मी म्हटलं. “आत्ता आणते. हळूहळू नीट करते.”

“आण.”

“राखणदारीचं राहू द्या.”

“बरं.”

“पण ती कशी परत यायची, उस्ताद? खातं बंद केलंय. नाव नाही, गाव नाही. रोज भाजी घेताना माझ्या शेजारी उभी राहत असेल, तरी मला कळायचं नाही. माफी मागायची तर कुणाची मागू?”

उस्तादांनी पोरीच्या तोंडातून माझं बोट सोडवलं आणि आपलं दिलं.

“भेटेल त्या प्रत्येकीला निरोप दे,” ते म्हणाले, “की नियमांची पहिली ओळ रिकामी ठेवलीय, येऊन लिही. आणि जिला सांगशील तिला म्हणावं, तूही पुढं सांग. सांगताना मात्र... तीच आहे असं समजून सांग.”