खोटी खिडकी

दगडांना बोलता येत होतं तेव्हाची गोष्ट. सरदार रायबागकरांनी विलायती धाटणीचा राजवाडा बांधला. पुढे उंच गोल खांब, दोन्ही अंगांना सारख्या खिडक्या. एका जागी आतून जिना आडवा आला. पण बाहेरून जोड चुकायला नको म्हणून गवंड्याने तिथे भिंतीवरच खोटी खिडकी कोरली.

"तुला वारा काय कळणार?" बाकीच्या खिडक्या हसायच्या. एकदा तरी उघडायला मिळावं, एवढंच तिला वाटायचं.

पुढे सरदारांच्या नातसुनेला जिन्यात उजेड हवा झाला. खोटी खिडकी फोडून खरी करायला एक गवंडी छिन्नी घेऊन परांचीवर चढला. खिडकी हरखली. पण तिच्या छज्ज्याखाली पाकोळीचं चिखलाचं घरटं होतं, आत पिल्लं चोची वासून बसलेली.

"आता यांना कुठे नेऊ गं?" पाकोळी कळवळली.

खिडकीने पिल्लांकडे पाहिलं. मग म्हणाली, "रडतेस काय? त्याच्या तोंडासमोर घिरट्या घाल. त्याला वर बघू दे."

गवंड्याने वर पाहिलं आणि छिन्नी खाली ठेवली. "वहिनीसाहेब, इथे बाळंतीण आहे!"

"मग राहू दे," खालून वहिनीसाहेब म्हणाल्या. "जिन्यात कंदील लावू."

खिडकी अजून बंदच आहे. पाकोळीची पिल्लं मात्र दरसाल तिच्यातूनच आभाळात जातात.